मानेवरील उपचारानंतर दुखणे वाढले आहे. तिसरे सत्र घ्यावे का?

मुलुंडवासी:
नमस्कार. माझे वय 47 आहे. मुलुंड ते फोर्ट असा रोजचा लोकलचा प्रवास आणि दिवसभर संगणकापुढे बसणे यांमुळे गेले वर्षभर मान आणि उजवा खांदा भरून येतो. एक्स-रेमध्ये मणक्यांची वयानुसार थोडी झीज दिसली, बाकी काही निघाले नाही. म्हणून हाताने दाब देऊन स्नायू मोकळे करणाऱ्या एका थेरपिस्टकडे मी पाच सत्रांचे पैसे भरले.

पहिल्या शनिवारी घरी परतताना फार हलके वाटले, पण रविवारी सकाळी मान वळेना आणि खांद्याच्या फऱ्याशी ठणका लागला. सोमवारी रात्रीपर्यंत तो ओसरला. दुसऱ्या सत्रात त्यांनी कोपराने बराच जोर लावला. त्याला आज पाचवा दिवस आहे. दुखणे कमी झालेले नाहीच, शिवाय परवापासून रात्री उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. थेरपिस्ट म्हणतात की शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत आहेत, भरपूर पाणी प्या. सासूबाईंचे मत ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ असे आहे. या शनिवारी जावे की नाही?

परळची फिजिओथेरपिस्ट:
ताई, तुमचे दोन अनुभव एकसारखे नाहीत, म्हणून दोन्हींचे उत्तर वेगळे आहे.

पहिल्या सत्रानंतर जे झाले ते आम्ही नेहमी पाहतो. 2010 साली या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार हाताने केलेल्या उपचारांनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांना किरकोळ ते मध्यम त्रास होतो, तो बहुधा 24 तासांच्या आत सुरू होतो आणि 72 तासांत निवळतो. ज्या स्नायूला दाबाची सवय नाही त्यावर जोर पडला की तिथल्या चेतातंतूंची संवेदनशीलता काही काळ वाढते, क्वचित बारीक मुका मारही बसतो, आणि जो स्नायू आखडून राहिलेला होता तो एकदम ताणला गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळून येतो. बऱ्याच दिवसांनी गड चढल्यावर मांड्या दुखतात, तसाच काहीसा हा प्रकार.

विषद्रव्यांच्या समजुतीला मात्र आधार नाही. स्नायूंत साठलेले लॅक्टिक ॲसिड हाताने पिळून काढता येते असे सांगतात, पण व्यायामानंतर ते साधारण तासाभरात रक्तातून आपोआप उतरते. वर्षभर गाठीत दडून बसत नाही. पाणी जरूर प्या, कारण मुंबईच्या घामात ते लागतेच, पण त्याने हा ठणका जाणार नाही.

दुसऱ्या सत्रानंतरचा त्रास मला खटकतो, आणि तो वेदनेच्या तीव्रतेमुळे नव्हे. पाचव्या दिवशी उतार नाही आणि नव्या जागी नवे लक्षण आले आहे, याला जुने दुखणे तात्पुरते उसळले असे म्हणता येत नाही. मानेतून निघणाऱ्या सहाव्या नसेचा पट्टा अंगठ्याकडे जातो, त्यामुळे ती नस डिवचली गेली असण्याची शक्यता आहे. तसेच मनगटात नस दाबली गेली तरी रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, आणि मग हात झटकला की बरे वाटते. मान वर करून उजवीकडे वळवताना मुंग्या वाढत असतील, तर मानेकडे संशय जातो. हे तपासल्याशिवाय तिसरे सत्र घेऊ नका.

हातातून वस्तू निसटू लागल्या, बटणे लावताना बोटे अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. पूर्वी कधी नव्हते असे तीव्र डोके किंवा मान अचानक दुखून त्याबरोबर दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे किंवा चेहरा वाकडा होणे असे काही झाले, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बोरिवलीचा चाकरमानी:
मी कमरेसाठी असे उपचार घेतले आहेत. सुरुवातीला उपचार संपताच विरार लोकलच्या गर्दीत तासभर उभा राहून घरी जायचो आणि रात्री तळमळायचो. दोष उपचाराचा की प्रवासाचा, हे मला बरेच दिवस उमगले नाही. मग रोज सकाळी आणि रात्री वेदनेला दहापैकी आकडा देऊन वहीत लिहू लागलो. ती वही पाहून माझ्या फिजिओथेरपिस्टने जोर निम्म्यावर आणला, एका वेळी एकच भाग घेतला आणि दोन सत्रांत आठवड्याचे अंतर ठेवले. मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो हे सांगायचे राहिले होते, म्हणून पाठीवर काळेनिळे डाग पडले होते. ही चूक माझी, पण पहिल्याच दिवशी विचारणेही त्यांचे काम होते.

जुना मालीशप्रेमी:
सर्वांना इतके घाबरवू नये. आमच्याकडे पहिल्या तीन बैठकी दुखणारच असे धरूनच चालतात आणि मध्येच सोडले तर आधीची मेहनत वाया जाते.

परळची फिजिओथेरपिस्ट:
आदरपूर्वक असहमत आहे. बऱ्याच जणांना अजिबात न दुखताही आराम पडतो, त्यामुळे दुखणे हा गुणाचा पुरावा ठरत नाही. रुग्णाला पाच दिवस त्रास झाला तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करावी लागते. पुढच्या सत्रात आणखी जोर लावणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

मुलुंडवासी:
सर्वांचे आभार. काल अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. मान मागे करून उजवीकडे वळवताच अंगठ्यात मुंग्या आल्या. हाताची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया ठीक आहेत. तूर्त मानेवर खोल दाब बंद, हलक्या हालचाली चालू ठेवायच्या, काम करताना दर अर्ध्या तासाला उठायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचे, असे ठरले आहे. थेरपिस्टना तसे कळवले, तेव्हा भरलेले पैसे परत मिळत नाहीत असे उत्तर आले. त्यामुळे सासूबाई आता विचारत आहेत की उरलेली तीन सत्रे त्यांच्या गुडघ्यांसाठी वापरता येतील का.