शब्दचर्चा: ‘रिप्रेझेंटेशन’ म्हणजे प्रतिनिधित्व की चित्रण?

प्रश्न
आमच्या बालवाचनालयात महिन्यातून एकदा मुलांना सिनेमा दाखवतो आणि पालकांना पानभर टिपण देतो. या वेळी ‘कुंग फू पांडा’ (२००८) आहे. ‘रिप्रेझेंटेशन’बद्दल चार ओळी लिहायच्यात. ‘प्रतिनिधित्व’ म्हटलं की ग्रामपंचायतीच्या जागांचं काहीतरी चाललंय असं वाटतं. नुसतं ‘चित्रण’ चालेल का?

प्रतिसाद
चालेल, पण प्रतिनिधित्व टाकून देऊ नका. इंग्रजीने दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यात, मराठीत त्या वेगळ्या सांगता येतात. पडद्यावर कोण, कसं दिसतं ते चित्रण. ते घडवायला, बोलायला कोण होतं ते प्रतिनिधित्व. या सिनेमात माणूस एकही नाही, सगळे प्राणी, म्हणून हा फरक लख्ख दिसतो. चित्रण चिनी, पण नायक पांडा ‘पो’चा आवाज जॅक ब्लॅकचा आणि त्याला कुंग फू शिकवणाऱ्या शिफूचा डस्टिन हॉफमनचा, दोघेही गोरे अमेरिकी. पोचे वडील पिंग यांना जेम्स हाँगचा आवाज आहे, नागिणीला ल्यूसी ल्यूचा, माकडाला जॅकी चॅनचा; हे तिघे चिनी वंशाचे. साक्षात जॅकी चॅन असून त्याच्या वाट्याला मोजकीच वाक्यं, हे मला आजही खटकतं. पुढे चित्र बदललं. दुसरा भाग (२०११) दक्षिण कोरियात जन्मलेल्या जेनिफर यू नेल्सन यांनी दिग्दर्शित केला. तिसऱ्यात (२०१६) शांघायचा स्टुडिओ सामील होता आणि मँडरिन या चिनी भाषेतल्या संवादांसाठी पात्रांच्या ओठांच्या हालचाली वेगळ्या केल्या होत्या.

आणखी एक
‘द लास्ट एअरबेंडर’ (२०१०) हेही उदाहरण द्या. मूळ कार्टून मालिकेतलं जग आशियाई धाटणीचं, पाणी वळवण्याच्या हालचाली ताई ची या चिनी युद्धकलेवरून घेतलेल्या. सिनेमात मात्र आंग, कतारा, सोका या तिन्ही नायक पात्रांना गोरे कलाकार आणि त्यांच्या मागावर असलेला झुको मात्र भारतीय वंशाचा देव पटेल. त्या विरोधातून इंग्रजीला ‘रेसबेंडिंग’ (पात्राचा वंशच बदलून टाकणं) हा शब्द मिळाला. मालिकेचं नाव आपल्याच ‘अवतार’वरून, त्यामुळे मला ते जास्तच लागलं.

प्रश्नकर्ती
दोन्ही शब्द घेते. एका मुलीने विचारलंय, शिफू हे त्याचं नाव का?

प्रतिसाद
ताई, ते नाव नव्हेच. चिनीत शिफू म्हणजे गुरू, हातात कसब असलेला माणूस. ‘मास्टर शिफू’ म्हणजे ‘वस्ताद वस्ताद’ झालं. म्हातारं कासव ऊग्वे, त्याचं नावही चिनीतल्या ‘कासव’ या शब्दावरूनच. मला ही चित्रणातली उणीव वाटते: बाहेरच्याला नाव वाटतं, चिनी मुलाला नुसतं ‘कासव’ ऐकू येतं. ‘कुंग फू’चंही तसंच. मूळ अर्थ फक्त मारामारी नाही, तर वेळ आणि कष्ट घालून कमावलेली हातोटी. निगुतीने चहा करण्यालाही तिकडे कुंग फू चहा म्हणतात. तालमीत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात, तो आपला सगळ्यात जवळचा शब्द. शिफू डंपलिंगचं आमिष दाखवून पोला झुंजवतो. शेवटी ते पोच्या हाती लागतं आणि तो म्हणतो, मला भूक नाही. तिथे सिनेमा थांबवून मुलांना ‘मेहनत’ शब्द सांगा.

प्रश्नकर्ती
डंपलिंगला ‘उकडीचा मोदक’ लिहू का? मुलांना पटकन कळेल.

प्रतिसाद
नको, डंपलिंगच राहू द्या, हवं तर ‘वाफवलेला, सारण भरलेला’ एवढं जोडा. आपल्या पुरणपोळीला कुणी ‘गोड पराठा’ म्हटलं तर आपण लगेच दुरुस्त करतोच की.