पार्किन्सन्स: पेशी मरण्याआधी त्यांच्या जोडण्या तुटतात का? मदत हवी आहे

मंडळी, वडिलांना पार्किन्सन्स आहे. पूर्वी एक गोळी पुढच्या गोळीपर्यंत पुरायची, आता परिणाम मधेच उतरतो. मग उंबऱ्याशी पाय खिळतात, शर्टाचं बटण काजात जात नाही. पुढची गोळी लागू पडली की तेच हात बटणं लावतात! डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्यात, त्याबद्दल शंका नाही. मला समजून घ्यायचंय ते आत काय होतं ते. बाबांनी मनाशी पक्कं धरलंय की आपलीच जिद्द कमी पडतेय, आणि ते मला बघवत नाही.

आतापर्यंत वाचून कळलेलं असं: मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळपट भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवतात आणि लांब तंतूंवाटे स्ट्रायटमला, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला, पोचवतात. या तंतूंना इतके फाटे फुटतात की माणसात अशा एकेका पेशीच्या जोडण्या दहा लाखांच्या वर असाव्यात, असा अंदाज आहे. एवढा पसारा पोसायचा म्हणजे ऊर्जाही तेवढीच लागणार. अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन एरवी तंतूंच्या टोकांशी असतं. या आजारात त्याच्या गुठळ्या होतात.

तर मग ऱ्हास टोकाकडून सुरू होतो का? आणि गोळी मधेच उतरण्याचा याच्याशी संबंध आहे का? एका नातेवाइकांनी कवचबीजाचं चूर्ण सुचवलंय, तेही द्यावं का?

प्रतिसाद १
मी मज्जापेशींवर संशोधन करते, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर लिहिते. हो, टोकं आधी जातात याला चांगला आधार आहे. २०१३ साली मरणोत्तर मेंदूंचा एक अभ्यास आला होता. निदानानंतर चारेक वर्षांतच पुटामेनच्या (हा स्ट्रायटमचाच एक भाग) वरच्या बाजूचे डोपामिनचे तंतू जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. नायग्रातल्या काही पेशी मात्र त्यानंतरही शिल्लक होत्या. म्हणजे झाड उभं, पण फांद्या वठलेल्या.

गोळीचंही त्यातच आलं. लिव्होडोपाचं, म्हणजे गोळीतल्या ज्या औषधापासून मेंदूत डोपामिन बनतं त्याचं, रक्तातलं प्रमाण दीडेक तासात निम्मं होतं. सुरुवातीच्या काळात शाबूत टोकं त्यापासून बनलेलं डोपामिन साठवतात आणि लागेल तसं सोडतात, म्हणून परिणाम टिकतो. टोकं कमी झाली की साठवणही संपते, आणि शरीर रक्तातल्या चढउताराबरोबर चालतं-थांबतं. पुढे सेरोटोनिन हे वेगळं रसायन बनवणाऱ्या पेशीही लिव्होडोपापासून डोपामिन बनवतात, पण ते किती आणि कधी सोडायचं याचा ताबा त्यांच्याकडे नसतो. काहींना अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, त्यामागचं हे एक कारण.

बाबांना नक्की सांगा, यात जिद्दीचा काही संबंध नाही. तुटलेल्या जोडण्या परत आणणारं सिद्ध औषध मात्र आज नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

प्रतिसाद २
कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात खरोखरच लिव्होडोपा असतं, म्हणूनच डॉक्टरांना न विचारता देऊ नका. किती पोटात जातंय ते कळत नाही आणि गोळ्यांचा हिशेब चुकतो.

दुसरं म्हणजे जेवण. प्रथिनं आणि लिव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच वाटेने शिरतात. आमच्याकडे आईला उसळ, पनीर खाल्लं की गोळी लागू पडत नसे. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास देतो. तुमच्या डॉक्टरांशी बोलून बघा. उंबऱ्यापाशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावा; पट्टा ओलांडायचा म्हटलं की खिळलेला पाय बऱ्याचदा उचलला जातो. पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळात बाबांना घेऊन जाच.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. चूर्ण नाही देत. पट्टे साधारण किती अंतरावर लावायचे, ते कोणी सांगेल का?