शकुंतला रेल्वे: यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग का थांबला?

प्रश्न: कापसासाठी टाकलेला हा मार्ग बंद का पडला? आहे त्याच रुळांवर ब्रॉडगेज होईल का?

उत्तर १: मूळ दुखणं मालकीचं. मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या कंपनीचा, गाड्या चालवणार रेल्वे. दुरुस्तीत पैसा कोणी घालायचा? रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले, खडी कमी झाली की रूळ फाकतात आणि डबे घसरतात. म्हणून वेग उतरवत न्यावा लागतो. एवढा कामाचा मार्ग असा झिजू द्यायला नको होता.

उत्तर २: तेच रूळ चालणार नाहीत. इथलं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी, ब्रॉडगेज १६७६. रूळ हलके, भराव अरुंद, पूल छोटे. सगळं नव्यानं करावं लागेल. जमिनीचा पट्टा मात्र मोलाचा, त्यावर अतिक्रमण होऊ देऊ नये.

उत्तर ३: १९२१ चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं.