रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ कसे ओळखावे?

प्रश्न: बेळगावजवळच्या भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहेत राहणारे हे वटवाघूळ नेमके दिसते कसे, आणि ते अन्यत्र आढळते का?

उत्तर १: आधी कान पाहावेत, ते मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि टोपीच्या झालरीसारखे पुढे आलेले असतात. पाठ गडद तपकिरी, मानेमागे फिकट करडा पट्टा, आणि शेपटीचे टोक मागच्या पायांमधल्या कातडीच्या पडद्याबाहेर मोकळे असते. ‘मुक्तपुच्छ’ हे नाव त्यावरूनच पडले.

उत्तर २: याच गुहेतील नमुन्यांवरून १९१३ मध्ये या जातीचे वर्णन झाले, आणि पुढे कित्येक दशके तिचा तेवढाच ठावठिकाणा माहीत होता, नंतर ती मेघालयात व कंबोडियातही सापडली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गुहेत जाऊन पाहता येईल का?

उत्तर २: ती छताच्या खोबणींत दाटीवाटीने बसतात, त्यामुळे विजेरीच्या झोताने त्यांना उगाच त्रास होतो, वनखात्याच्या परवानगीविना जाऊच नये.