गाभण मेंढ्यांना ब्रुसेलाची लस चालते का?

प्रश्न: कळपात काही मेंढ्या गाभण आहेत. ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतू) विरुद्धची रेव्ह-१ लस सगळ्यांना एकदम दिली तर?

प्रतिसाद १: गाभण मेंढीला नकोच. लस जिवंत जंतूंची, गाभ पडू शकतो. ३ ते ६ महिन्यांची कोकरं निवडा. डोळ्यात एक थेंब, साधारण १०० कोटी जंतू.

प्रतिसाद २: थेंबच बरा. कातडीखाली पूर्ण मात्रा टोचली की रक्ततपासणी कित्येक महिने पॉझिटिव्ह येते. मग आजारी कोण नि लसवाली कोण, कळत नाही. थोडा ताप, सुस्ती चालायचीच.

प्रतिसाद ३: हातमोजे, चष्मा घालाच. लस अंगात गेली तर माणसालाही ब्रुसेलोसिस होतो. वर लशीतला हा जंतू स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकला दाद देत नाही, डॉक्टरांना तसं सांगा. आणि सरकारी मोहिमेतली एस-१९ ही ब्रुसेलाची दुसरी लस कालवडी-वगारींची, मेंढ्यांची नव्हे.