सापासाठी उंदीर घरी मारायचे तर कमीत कमी त्रासात कसे?

दादरची_निशा: मंडळी, माझ्याकडे एक कॉर्न स्नेक आहे, अजून लहानच. दुकानातून पांढरे उंदीर आणते पण जिवंत सोडायचं अगदी जिवावर येतं, शिवाय उंदीर उलटून सापाला चावतात म्हणे. दुकानदार म्हणतो फ्रीझरमध्ये टाका ताई, झोपेतच जातो. मला काही ते पटत नाही. यूट्यूबवर एक जण व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून गॅसचा डबा बनवतोय, तो प्रकार बरा का? वन रूम किचन आहे हो, आणि आईला अजून यातलं काहीच माहीत नाही.

पायथनवाला_डोंबिवली: ताई, त्या दुकानदाराचं अजिबात ऐकू नकोस. जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये टाकला की तो झोपत बिपत नाही, गारठत गारठत मरतो आणि बराच वेळ शुद्धीवर असतो. सोडा-व्हिनेगरपण नको, कारण गॅस किती आणि किती जोरात येतोय ते आपल्या हातात राहत नाही, मधेच कमी पडला की उंदीर अर्धमेला होऊन परत शुद्धीवर येणार, वर व्हिनेगरची वाफ त्याच्या नाकाडोळ्यात.

नीट करायचं तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, गॅसचा दाब आवरणारा रेग्युलेटर आणि मिनिटाला किती गॅस येतोय ते दाखवणारा फ्लोमीटर लागतो. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये दिलंय की दर मिनिटाला डब्याच्या ३० ते ७० टक्के एवढा गॅस सोडायचा, म्हणजे १० लिटरचा डबा असेल तर मिनिटाला ३ ते ७ लिटर. डबा आधीच गॅसने भरून ठेवून उंदीर आत टाकायचा नाही हां. उंदीर साध्या हवेत ठेवायचा, खाली त्याच्याच पिंजऱ्यातला भुसा घालायचा म्हणजे वास ओळखीचा, आणि मग गॅस चालू करायचा. शुद्धीत असताना एकदम दाट गॅस नाकात गेला तर आतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं, जळजळतं ते. श्वास थांबला तरी निदान मिनिटभर तरी गॅस चालू ठेव, मग बाहेर काढून छातीला बोट लावून ठोके बघ. खिडक्या मात्र सताड उघड्या, हा गॅस जड असतो, खाली साचतो, तुमच्या घरात कोणी जमिनीवर झोपत असेल तर जास्तच जपून.

परळचा_व्हेट: वरचं बरोबर आहे, पण एक भर घालतो. गुलाबी, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बिनकेसाच्या पिल्लांना हा हिशोब लागू नाही. त्यांना जन्मापासूनच कमी ऑक्सिजनमध्ये तग धरता येतो, त्यामुळे गॅसने मरायला ५० मिनिटंही लागू शकतात. मेलं समजून बाहेर काढलेलं पिल्लू हातावर वळवळायला लागतं ते यामुळेच. मान मोडायची पद्धत उंदरांसाठी आणि २०० ग्रॅमच्या आतल्या रॅटसाठी (मोठ्या जातीचा उंदीर) मान्य आहे, पण ते हात बसलेल्या माणसाचं काम. शिकायचंच तर जाणकाराच्या समोर, मेलेल्या उंदरावर. आणि कृपा करून इंजेक्शन मागायला कोणी येऊ नका, प्राण्यांना मरण देण्याचं त्यातलं औषध, पेंटोबार्बिटल, उंदराच्या अंगात राहतं आणि तोच उंदीर खाऊन तुमचा साप जाईल.

गिरगावकर७७: एवढा त्रास होतो तर साप पाळता कशाला?

पायथनवाला_डोंबिवली: काका, आणलाय तो आता. त्याला काय वरणभात घालायचा?

मालाडचा_मन्या: निशा, माझं सरळ मत सांगू का, एका लहान सापासाठी सिलिंडरचा घाट घालूच नकोस. घरात उंदीर मारायची वेळच येऊ देऊ नको, फ्रोझन घे, म्हणजे आधीच मारून गोठवलेले. पंचवीस साप सांभाळणाऱ्याचं गणित वेगळं. आणि काही झालं तरी चाळीतला नाहीतर गटारातला उंदीर देऊ नकोस, त्याने विष खाल्लेलं असलं तर साप हातचा जाईल. जाता जाता, कोणाकडे बॉल पायथन (परदेशी अजगर) असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केली का बघा, तो साइटिसच्या, म्हणजे वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहे. धामण, अजगर वगैरे तर घरात ठेवायचेच नाहीत, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

दादरची_निशा: थँक्यू सगळ्यांना. पण जिवंताची सवय लागलेला साप फ्रोझन घेतो का?

मालाडचा_मन्या: बहुतेक घेतात, कॉर्न स्नेक तर खाण्याला हावरटच. रात्री उंदीर झिप पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव, दुसऱ्या दिवशी पिशवीसकट कोमट पाण्यात बुडव, मायक्रोवेव्ह नको, फुटतो. पोट दाबून बघायचं, आत गार गोळा लागला तर अजून थोडा वेळ. वरून कोरडा कर आणि लांब चिमट्यात धरून जरा हलव, हाताने देऊ नकोस. सकाळपर्यंत नाही खाल्ला तर टाकून दे, परत गोठवायचा नाही. आणि फ्रीझरमध्ये वेगळा झाकणाचा डबा ठेव, वर नाव लिही, नाहीतर आई कोळंबी समजून काढेल.