रविवारची हायडेलबर्ग पायी फेरी: श्लांगेनवेगचं काय करायचं?

माई:
नानांचा फेरीच्या आखणीचा कागद मिळाला. पण शेवटी पुन्हा श्लांगेनवेग? गेल्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. यंदा पाच घरांत आईवडील आलेत, शिवाय दोन बाबागाड्या. जुन्या पुलापासून फिलोसोफेनवेगला चढणारी ती वाट अरुंद, उभी, दगडी पायऱ्यांची. मला ती नको वाटते.

नाना:
कागद गेली चार वर्षं मी करतोय, म्हणून सांगतो. फिलोसोफेनवेग, म्हणजे नदीपलीकडच्या डोंगरावरची वाट, वगळली तर फेरीत राहिलं काय? किल्ला, चर्च आणि जुना पूल वरूनच एका नजरेत येतात. फ्रेंचांनी 1689 आणि 1693 मध्ये गावाची राखरांगोळी केली, पुढे 1764 मध्ये किल्ल्यावर वीज पडली. हे वाचायची जागा तीच, म्हणून मजकूर तिथे घातलाय.

भाऊ (खजिनदार):
कोर्नमार्क्ट चौकातून किल्ल्यावर 315 पायऱ्या आहेत. ज्यांना झेपत नाहीत त्यांनी बेर्गबान, म्हणजे डोंगर चढणारी रेल्वे, घ्यावी. किल्ल्याच्या तिकिटात तिचा खालचा टप्पा धरलेला असतो, वेगळं तिकीट काढू नका. मागे तिघांनी दोनदा पैसे भरले आणि भरपाई माझ्याकडे मागितली. किल्ल्यातलं दारूचं मोठं पिंपही त्याच तिकिटात. 1751 चं, सुमारे 2,20,000 लिटरचं.

अप्पा:
भाऊ, पिंपाला अर्धा तास आणि हायलिगगाइस्ट चर्चला पाच मिनिटं? त्या चर्चमध्ये 1706 पासून, मधला थोडा काळ सोडला तर थेट 1936 पर्यंत, आडवी भिंत होती. एकीकडे कॅथलिक, दुसरीकडे प्रोटेस्टंट. मुलांना हे दाखवायलाच हवं. आणि सोनथायमरांवर कागदात एक ओळ नाही! इथल्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा माणूस खंडोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम करतो, आणि मराठी मंडळाच्या कागदात तो नाही? माझे सासरे जेजुरीचे. मी सांगितलं तेव्हा ते हॉप्टश्ट्रास या मुख्य रस्त्यावर मधोमध थांबले, म्हणाले, "आमच्या खंडोबासाठी इथून आला होता?"

नाना:
अप्पा, ओळ लिहून पाठवा, घालतो. पण आयत्या वेळी नको.

माई:
सोनथायमर घालाच. माझा प्रश्न मात्र तसाच राहिला. पुलावर दोन गट करू. चढणारे श्लांगेनवेगने वर जातील आणि पलीकडच्या नॉयनहाइम वस्तीच्या बाजूने उतरतील. बाकीचे पूल ओलांडून डावीकडे, काठाकाठाने सपाटीवरून नेकारवीझेला, नदीकाठच्या कुरणावर. गवतावर सतरंज्या टाकून बसू, वरचे तिथेच येतील.

नाना:
चालेल. किल्ला पुलावरूनही पुरता दिसतो, म्हणजे मजकूर तिथेच वाचता येईल. फक्त नॉयनहाइमच्या बाजूने कुणी बाबागाडी वर ढकलू नये. रस्ता डांबरी आहे, पण चढ छातीवर येतो.

भाऊ:
मग डबे खालच्या गटाकडे. पाण्याच्या बाटल्या मात्र ज्याच्या त्याने. सतरंज्या कुणाकडे आहेत? दिवाळीनंतर माझ्याकडे परत आलेल्या नाहीत.